माझ्या साडूंचा बारा प्रश्नांचा पेपर

जगात अशी एकही गोष्ट नसेल, जी माझ्या साडूंनी एकदा आधी आणि एकदा नंतर अशी दोनदा मोजलेली नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नातं एवढंच, पण ठाण्याच्या कोर्टात लघुलेखक म्हणून मारामाऱ्यांपासून खुनापर्यंतच्या साक्षी उतरवून घेताना मला जेवढे धक्के बसले नाहीत, तेवढे या एका सज्जन माणसाने घरबसल्या दिले. ते डोंबिवलीला राहायचे आणि कल्याणच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांच्या बिल्डिंगपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून मीही सरच म्हणायला लागलो. आणि मी बाळकुमला राहतो म्हणून ते मला कायम ठाणेकर म्हणत आले. लग्नानंतर त्यांनी आम्हा दोघांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा चप्पल काढल्या काढल्या त्यांनी मला हाताला धरून वजनकाट्यावर उभं केलं. मला वाटलं, नवीन काटा घेतलाय, कौतुक दाखवतायत. जेवण झालं, बडीशेप झाली, आणि मी निघणार तर पुन्हा काट्यावर. वाकून आकडा वाचला आणि चष्मा वर करून म्हणाले, "ठाणेकर, तुम्ही संकोच केलात." आतून मेहुणीबाई धावत आल्या आणि मला आणखी एक पुरणपोळी वाढली गेली. नव्या जावयाचा पाहुणचार असाही होतो, हे बघून मी परतीच्या वाटेवर बायकोशी एक शब्द बोललो नाही.

पुढे सवय झाली. गॅसचा सिलिंडर आला की ते ताणकाट्याला लावून उचलायचे, संपला की पुन्हा उचलायचे. सिलिंडरवाला तोवर जिन्यात पायरीवर बसून पाणी प्यायचा, घाई करायचा नाही. नाटकाला गेलो तर मध्यंतरात वडा हातात येण्याआधी प्रश्न यायचा की पहिल्या अंकात नायकाच्या बहिणीचं काय म्हणणं होतं. मला सांगता यायचं नाही, आणि मी साक्षी उतरवून घेण्याचा पगार घेत होतो. मेहुणीबाई मात्र या सगळ्याकडे शांतपणे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "लग्नाआधी आमचे गुण जुळवलेले. पंचवीस वर्षं झाल्यावर हे म्हणाले, आता पुन्हा जुळवून बघूया का. मीच नको म्हटलं."

त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका वर्षी सात दिवसांचं प्रवचन ठेवलेलं. सरांनी पहिल्या दिवशी दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला दहा प्रश्नांचा कागद दिला आणि सातव्या दिवशी प्रसादाच्या रांगेत तोच कागद पुन्हा दिला. लोकांना वाटलं, लकी ड्रॉ असेल, म्हणून मन लावून भरला. निकाल असा लागला की सात दिवसांपूर्वी लोकांना जे नीट माहीत होतं त्यातलंही थोडं पुसट झालेलं, आणि बुवा जे कधी बोललेच नाहीत ते बुवांनीच सांगितल्याचं बऱ्याच जणांनी ठामपणे लिहिलेलं. सरांनी हा निकाल नोटीस बोर्डावर लावला. बुवा खरोखर मोठ्या मनाचे, ते हसले. सोसायटीचे सेक्रेटरी हसले नाहीत. सरांना सोसायटीच्या कार्यकारी मंडळातून काढण्यात आलं आणि त्यांना त्याचा राग आला नाही, नवल वाटलं. लोकांना कळायला नको का, असं ते मला पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

पण हे सगळं वरवरचं. त्यांचं खरं काम कॉलेजात चाललेलं होतं, आणि ते वर्षानुवर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षाची मुलं आली की पहिल्याच आठवड्यात ते त्यांना एक पानभर पेपर द्यायचे. बारा प्रश्न. त्यात भौतिकशास्त्र असं काही नव्हतंच. दुकानावर पाटी आहे की पन्नास टक्के सूट आणि त्यावर आणखी पन्नास टक्के सूट, तर वस्तू फुकट मिळेल का. एका पाहणीत असं दिसलं की ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्या मुलांना जास्त मार्क मिळतात, तर आपण फिशटँक घ्यावा का. नाणं पाचदा उडवलं आणि पाचही वेळा छापा आला, तर सहाव्यांदा काटा येण्याची शक्यता वाढते का. सोसायटीत पाणी सोडण्याची वेळ बदलावी यासाठी चार ओळींचं पत्र लिहा. आणि शेवटचा, बारावा, त्यांचा लाडका: ज्याची तुम्हाला खात्री आहे, पण जे चूक असू शकेल, असं काहीतरी लिहा. मुलं पेपर लिहायची आणि विसरून जायची. तिसरं वर्ष संपता संपता तोच पेपर पुन्हा. मग ते दोन्ही कागद एकाच खाकी पाकिटात जायचे, पाकिटावर नाव, आणि पाकीट डोंबिवलीच्या घरातल्या लोखंडी कपाटात. तीन वर्षांत मूल काय शिकलं ते बघायचं असेल तर ते शिकवलेल्यातून विचारून कसं चालेल, असा त्यांचा सवाल होता. पाठ केलेलं तर पोपटही सांगतो, डोकं किती चाललं ते बघायचं.

एका मे महिन्यात आंब्याची पेटी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर तीन गठ्ठे होते. सुधारलेले, होते तिथेच राहिलेले आणि घसरलेले. मधला गठ्ठा सोफ्याच्या हाताएवढा उंच. पहिला आणि तिसरा यांच्यात कुठला मोठा हे मला बघून सांगता येईना. मी म्हटलं, हे एका वर्षाचं असेल. ते म्हणाले, सगळ्या वर्षांचं असंच आहे. मग त्यांनी मला एक जोडी दाखवली. फिशटँकच्या प्रश्नाला पहिल्या वर्षाच्या मुलाने लिहिलेलं, माहीत नाही. त्याच मुलाने तिसऱ्या वर्षी पानभर उत्तर लिहिलेलं, मुद्दे घालून, खाली रेघा मारून, आणि त्यात एक वाक्य धड नव्हतं. सर म्हणाले, "पहिल्या वर्षी यांना माहीत नसतं आणि ते तसं लिहितात. तिसऱ्या वर्षी माहीत नसतंच, पण तसं लिहीत नाहीत. मधल्या तीन वर्षांत आम्ही त्यांना जागा कोरी न सोडायला शिकवतो." हे ते अगदी शांतपणे म्हणाले, जसं कुणी पाण्याची टाकी अर्धी भरल्याचं सांगावं. मी आंब्याची पेटी हातात धरूनच उभा होतो.

आता धक्का बसला होता, तर मी काय करायला हवं होतं? काहीच केलं नाही. उलट दोन महिन्यांनी माझ्या मुलीला, ऋतुजाला, त्यांच्याच कॉलेजात घातलं. काका तिथे आहेत, लक्ष राहील, बाळकुमहून जाणंयेणं जमण्यासारखं आहे, असा सगळा हिशोब. तिनेही पहिल्या आठवड्यात बारा प्रश्न सोडवले आणि घरी येऊन सांगितलं की काकांनी काहीतरी गंमत लिहून घेतली. मी गप्प बसलो. सरांची अट होती की कुणाला सांगायचं नाही.

ती तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात बाहेरून एक समिती येणार असं ठरलं. विद्यार्थी आपल्याकडे येऊन काय शिकले याचा पुरावा प्रत्येक विभागाने द्यायचा होता. प्राचार्यबाई नेटक्या आणि कष्टाळू. त्यांनी सगळ्यांना तक्ता दिला, त्यात परीक्षेचे मार्क भरले की आपोआप खाली येत होतं, उद्दिष्ट साध्य. सगळ्या विभागांचं उद्दिष्ट साध्य झालेलं. सर मात्र त्या दिवशी दोन मोठ्या कापडी पिशव्या भरून पाकिटं घेऊन गेले आणि समितीच्या टेबलावर त्यांनी तीन गठ्ठे लावले. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांना अजूनही यात काही विशेष वाटत नव्हतं. पुरावा मागितला होता, त्यांच्याकडे होता. समितीतले एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ पेपर वाचत राहिले आणि मग शेजारच्याला हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे फुकट नाही मिळणार?"  प्राचार्यबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. पंधरा-वीस वर्षं एकत्र डबा खाल्लेली माणसं खिडकीशी जाऊन खायला लागली. हे उद्योग कुणाच्या परवानगीने केले, त्याचा लेखी खुलासा त्यांच्याकडून मागवण्यात आला. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मेहुणीबाई रोज माझ्या बायकोला फोन करून रडायच्या. सर खुलासा लिहायला बसायचे आणि त्यात आकृत्या काढायचे.

आणि मग ते मुलांपर्यंत गेलं. ऋतुजा एका संध्याकाळी घरी आली, सॅक खांद्यावरच, आणि तिने मला विचारलं, "बाबा, काकांच्या त्या पेपरांचं तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"मला कॉलेजात घातलं त्याच्या आधीपासून?"

कोर्टात साक्षीदार अशा प्रश्नाला खाली बघतात आणि आम्ही लिहितो, साक्षीदार निरुत्तर. ती सॅक काढून आत गेली, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या तीन गठ्ठ्यांनी मला धक्का बसला होता तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी, आणि तेवढा धक्का पचायला मला दोन महिने पुरले होते.

रविवारी ती डोंबिवलीला निघाली. मी न विचारता तिच्या बरोबर गेलो. तिने सरांकडे आपलं पाकीट मागितलं. सर म्हणाले की नियम आहे, पाकीट कुणालाच दाखवत नाही, घरच्यांना तर नाहीच. त्यावर मेहुणीबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी देवघरामागून कपाटाची किल्ली काढून ऋतुजाच्या हातात दिली आणि परत कणीक मळायला गेल्या. त्या बाईंनी नवऱ्याच्या नियमात हात घातलेला मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. सरही पाहत राहिले.

ऋतुजाने दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. फिशटँकच्या प्रश्नाला तिने पहिल्या वर्षी लिहिलेलं: नाही वाटत. फिशटँकवाल्यांकडे पैसे जास्त असतील, ते क्लास पण लावत असतील. नक्की माहीत नाही. आणि महिन्यापूर्वीच्या कागदावर फिशटँकचे फायदे होते, एक ते सहा, त्यात एकाग्रता आणि मनःशांती हे दोन स्वतंत्र मुद्दे. अक्षर आधीपेक्षा चांगलं. ती वाचत होती आणि तिचे कान लाल होत गेले. मी खाली वाकून बारावा प्रश्न वाचला. ज्याची तुम्हाला खात्री आहे, पण जे चूक असू शकेल. पहिल्या वर्षी तिने एकच ओळ लिहिलेली: माझे बाबा माझ्यापासून काही लपवत नाहीत. तिसऱ्या वर्षी आठ ओळी होत्या, आत्मविश्वास हा यशाचा पाया आहे इथून सुरू होणाऱ्या. त्या आठ ओळी मी दोनदा वाचल्या, कारण शेजारच्या कागदावरच्या त्या एका ओळीकडे पुन्हा बघायची माझी हिंमत होईना.

तिने मान वर केली. आवाज चढवला नाही. "काका, पहिला पेपर तुम्ही कधी तपासता?"

"त्याच आठवड्यात."

"म्हणजे आम्हाला काय येतं, काय येत नाही, ते तुम्हाला जुलैमध्येच कळलेलं."

"हो तर. त्याशिवाय तुलना कशी करणार?"

"मग तीन वर्षं तुम्ही आम्हाला शिकवायला होतात. त्यातलं एकदा तरी वर्गात का नाही काढलंत?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते खोटं बोलू शकत नाहीत. तो त्यांचा स्वभावच नाही. ते म्हणाले, "अगं, मग मोजमाप बिघडलं असतं."

कणीक मळण्याचा आवाज थांबला. मला वाटतं, ते वाक्य आम्हा तिघांच्या आधी त्यांच्याच कानावर पडलं असावं, कारण ते एकदम खाली बसले, त्या दोन कागदांच्या बाजूला, आणि त्यांनी कपाटाकडे असं बघितलं की जणू कुणीतरी ते आत्ताच घरात आणून ठेवलंय. ऋतुजाही बसली. तिला रडू येत होतं की राग, ते तिलाही सांगता आलं नसतं. शेवटी तिनेच उठून पाणी आणलं, आधी त्यांना दिलं. जेवायला बसलो तेव्हा सरांनी वरणभाताचे दोन घास खाल्ले. कुणी कुणाचं वजन केलं नाही.

त्यानंतर जवळजवळ महिनाभर त्यांचा फोन नव्हता. प्राचार्यबाईंकडे खुलासा गेला तो एका ओळीचा होता, असं नंतर कळलं: मला जे कळलं होतं ते मी वेळेवर सांगितलं नाही, ही माझी चूक आहे. बाईंनी तो फाईलला लावला आणि त्या पेपरची एक प्रत मागून घेतली. जुलैमध्ये नवी मुलं आली. सरांनी नेहमीसारखे बारा प्रश्न दिले, तपासले, आणि पुढच्या तासाला ते कागद मुलांना परत वाटले. आयुष्यात पहिल्यांदा. मग दर गुरुवारी एक तास त्या बारांपैकी एका प्रश्नावर. खरी पाठीवर थाप कुणाला मिळायची, तर जो उठून माहीत नाही म्हणेल त्याला. मला फोन करून त्यांनी हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की आता हे आकडे कशाच्याही कामाचे राहिले नाहीत, सगळी शृंखला तुटली. त्यांच्या आवाजात त्याचं खरंच दुःख होतं. मला त्यांची दयाही आली आणि थोडा अभिमानही वाटला. ऋतुजाने पुढे नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत एका प्रश्नाला माहीत नाही असं उत्तर दिलं आणि ती नोकरी गेली. दुसऱ्या ठिकाणीही तेच उत्तर दिलं, तिथे घेतलं. ती आणि मी पुन्हा बोलायला लागलो, पण आता काही विचारलं की ती उत्तर ऐकून क्षणभर माझ्या तोंडाकडे बघते. ते बरोबरच आहे.

निवृत्त झाल्यावर सरांनी कपाट उघडलं आणि पाकिटं ज्याची त्याला नेऊन द्यायची असं ठरवलं. मी म्हटलं, कुरियर करा. ते म्हणाले, हातात द्यायला हवीत. तेव्हापासून दर शनिवारी ते एक-दोन पाकिटं घेऊन निघतात. कधी कल्याण, कधी उल्हासनगर, कधी ठाण्यात आमच्या बाजूला, तेव्हा मला बरोबर घेतात. बऱ्याच जणांचे पत्ते बदललेत. काही जण दारातूनच हसून पाकीट घेतात, काहींना हे सर आठवतही नाहीत. एकाने ते समोरच फाडून टाकलं. सर थांबून बघत होते, मग थँक्यू म्हणाले.

मागच्या महिन्यात आम्ही कोलशेतला गेलो. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या नव्या बिल्डिंगमध्ये राहते, औषधांच्या कारखान्यात माल तपासायचं काम करते. चाळिशीच्या आसपासची, गंभीर बाई. तिने आम्हाला बसवलं, पाकीट फोडलं, दोन्ही कागद वाचले, पुन्हा वाचले. घसरलेल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाला सर जे म्हणतात तेच त्यांनी म्हटलं, की तुझा दुसरा कागद पहिल्यापेक्षा कच्चा आहे आणि त्यात तुझी चूक नाही. मी वाट बघत होतो की ती आता म्हणेल, जाऊ द्या हो सर, त्याला किती वर्षं झाली. ती तसं म्हणाली नाही.

ती म्हणाली, "सर, हे मला तेव्हाच सांगायला हवं होतंत."

सर म्हणाले, "हो."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता निघायचं. पण ती चहा घेऊन आली आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली की हा नाण्याचा प्रश्न तिला अजूनही पटत नाही, पाच वेळा छापा आल्यावर काटा यायलाच हवा असं वाटतं, तेव्हा बसा आणि सांगा. सरांनी खिशातून नाणं काढलं. मग पाऊण तास ते दोघं त्या चहाच्या टेबलावर नाणं उडवत होते, ती वाद घालत होती, तेही घालत होते, आणि मध्येच एकदा ती ओरडून म्हणाली की अरे, म्हणजे नाण्याला काही आठवतच नाही. चहा तसाच राहिला.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलत होतं, खाडीकडून थोडा वारा येत होता. मी रिक्षा बघत होतो. सर फाटकापाशीच थांबले होते, वर तिच्या खिडकीकडे बघत.

"समोरच बसलेली होती हो, ठाणेकर," ते म्हणाले. "तीन-तीन वर्षं. दुसऱ्या बाकावर."

 ते चालायला लागले होते, म्हणून मी रिक्षाला केलेला हात खाली घेतला आणि त्यांच्या बरोबर चालत राहिलो.